अपग्रेड झाले, फाइल मात्र जुनीच

नवी आवृत्ती उतरवून घेतली, सेटअप चालवला, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत सरकली आणि ‘इन्स्टॉलेशन यशस्वीरीत्या पूर्ण झाले’ असा निरोप आला. प्रोग्रॅम उघडून पाहावे तर ज्या दोषापायी हा सगळा खटाटोप केला तो दोष जिथल्या तिथे. ‘अबाउट’च्या खिडकीत कधी जुनाच आकडा दिसतो, तर कधी आकडा नवा आणि वागणूक जुनी. मग ठरलेले उपाय सुरू होतात. पुन्हा एकदा सेटअप, मग मशीन बंद-चालू, मग सगळे काढून टाकून मुळापासून इन्स्टॉल. यांपैकी कशाने तरी काम भागते, पण कशाने भागले हे कुणालाच कळत नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर तोच दोष दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतो.

हा प्रकार दिसतो तितका गूढ नाही. इन्स्टॉलर फाइल बदलायला विसरला, असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा त्याने ती फाइल पाहिलेली असते, तिला एक नियम लावलेला असतो आणि हिला हात लावायचा नाही असे ठरवलेले असते. नियम कोणता ते कळले की उपाय आपोआप सुचतो. ते न कळता फाइल जबरदस्तीने बदलली, तर आजचा दिवस निभावतो आणि पुढच्या अपग्रेडला तीच अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून आधी नकाराचे कारण शोधावे, असा माझा आग्रह आहे.

तपासाची सुरुवात प्रत्यक्ष फाइलपासून करावी. टास्क मॅनेजरमध्ये चालू प्रोग्रॅमवर राइट-क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की खरोखर चालणारी फाइल कोणत्या फोल्डरात आहे ते समोर येते. तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘डिटेल्स’ टॅबवर ‘फाइल व्हर्जन’ लिहिलेले असते. तेवढ्याने खात्री पटत नसेल तर पॉवरशेलमधली ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा फाइलच्या संपूर्ण मजकुरावरून एक लांबलचक ठसा काढून देते. आतला एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. नीट चालणाऱ्या मशीनवरच्या फाइलचा ठसा घेऊन तो याच्याशी ताडून पाहिला की वादाला जागा उरत नाही. मग तीनपैकी एक गोष्ट हाती लागते: फाइल बदललीच नाही, बदलायची ठरली आहे पण अजून बदललेली नाही, किंवा बदलली आहे पण प्रोग्रॅम भलतीच प्रत वाचतो आहे. तिन्हींची लक्षणे वरून सारखी दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे.

पहिली शक्यता सर्वांत विस्ताराने पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यामागे एक इतिहास आहे. १९९०च्या दशकात विंडोजवरचे प्रोग्रॅम एकमेकांत वाटून घ्यायच्या डीएलएल फाइली ‘सिस्टम’ नावाच्या एकाच सामाईक फोल्डरात ठेवत. कोणताही सेटअप येई आणि आपल्या सीडीवरची प्रत तिथल्या प्रतीवर खुशाल चढवी. ती प्रत आधीच्यापेक्षा जुनी असली की काल चालणारे दुसरे प्रोग्रॅम आज बंद पडत. या दुखण्याला तेव्हा ‘डीएलएल हेल’ असेच नाव पडले होते. १९९९ साली ऑफिस २०००बरोबर मायक्रोसॉफ्टने विंडोज इन्स्टॉलर आणला. एमएसआय अशा शेवटाच्या ज्या सेटअप फाइली आपण पाहतो त्या यानेच चालतात. त्याच्या नियमावलीतला मुख्य नियम या जुन्या जखमेतून आला आहे: डिस्कवरची फाइल वरच्या आवृत्तीची असेल तर तिच्या जागी खालच्या आवृत्तीची ठेवायची नाही. आज आपल्याला जो हट्टीपणा वाटतो, ते मुळात संरक्षण आहे.

हा इन्स्टॉलर दोन फाइलींची तुलना करताना आतला मजकूर वाचत बसत नाही, फाइलवर कोरलेला आवृत्तीचा आकडा पाहतो. नव्या फाइलचा आकडा मोठा असेल तर ती जागा घेते. आकडा सारखाच असेल तर जुनी फाइल तशीच राहते. एका फाइलला आकडा आहे आणि दुसरीला नाही, तर आकडेवाली जिंकते. पाठ्यपुस्तकाची पाने न उलटता फक्त मुखपृष्ठावरचे ‘आवृत्ती पहिली’ वाचून दोन्ही पुस्तके एकच म्हणावीत, तसा हा प्रकार. आत दहा धडे बदललेले असले तरी निर्णय मुखपृष्ठावरच होतो.

नेमका इथेच घोळ होतो, आणि तो बहुधा प्रोग्रॅम बनवणाऱ्याकडून होतो. डॉट नेटमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये दोन आकडे असतात. एक ‘असेंब्ली व्हर्जन’, दुसरा ‘असेंब्ली फाइल व्हर्जन’. पहिला प्रोग्रॅम चालताना एका भागाने दुसरा भाग शोधण्यासाठी उपयोगी पडतो, दुसरा विंडोजला ‘डिटेल्स’ टॅबवर दिसतो, आणि इन्स्टॉलर तुलनेसाठी हा दुसराच धरतो. नवा प्रकल्प सुरू करताना दोन्ही ठिकाणी १.०.०.० लिहिलेले असते. प्रोग्रॅमर पुढे महिनोन्‌महिने कोड सुधारतो, पण हा आकडा तसाच राहतो. त्याच्या स्वतःच्या मशीनवर काही बिघडत नाही, कारण तिथे प्रत्येक बिल्डला फाइल नव्याने तयार होते. ग्राहकाच्या मशीनवर मात्र इन्स्टॉलरला जुनी १.०.०.० आणि नवी १.०.०.० या दोन्ही एकच दिसतात. तो जुनी ठेवतो आणि प्रामाणिकपणे ‘यशस्वी’ म्हणतो. त्याच्या हिशेबाने ते खरेही असते.

हे सगळे अंदाजाने ठरवायची गरज नाही, कारण इन्स्टॉलर आपला प्रत्येक निर्णय लिहून ठेवू शकतो. मात्र तसे त्याला सांगावे लागते. कमांड प्रॉम्प्टवरून ‘एमएसआयएक्सेक’ ही आज्ञा देताना लॉगचा पर्याय, म्हणजे तिरकी रेघ, एल, तारांकन आणि व्ही, जोडून पुढे एका मजकूर फाइलचे नाव दिले की इत्थंभूत नोंद तयार होते. ही फाइल हजारो ओळींची असते आणि पहिल्यांदा पाहणारा घाबरून ती बंद करतो. सगळी वाचायचीच नसते. नोटपॅडच्या शोधात आपल्या अडलेल्या फाइलचे नाव टाकावे. तिथे त्या फाइलचा पूर्ण पत्ता असतो आणि पुढे अर्धविरामांनी तोडलेला निर्णय. ‘ओव्हरराइट, एक्झिस्टिंग फाइल इज अ लोअर व्हर्जन’ असे असेल तर सगळे ठीक आहे. ‘वोन्ट ओव्हरराइट’ आणि शेवटी ‘एक्झिस्टिंग फाइल इज ऑफ अ‍ॅन इक्वल व्हर्जन’ असे असेल तर वर सांगितलेली आकड्याची चूक पकडली गेली. या एका ओळीने जे कळते ते तासभर फोनवर बोलूनही कळत नाही.

याच ओळीचा तिसरा प्रकार आहे, आणि तो पुष्कळांना चकवतो: ‘एक्झिस्टिंग फाइल इज अनव्हर्जन्ड बट मॉडिफाइड’. मजकूर फाइली, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, सेटिंगच्या फाइली यांच्यावर आवृत्तीचा आकडा नसतो. मग विंडोज इन्स्टॉलर तारखा पाहतो. फाइल तयार झाल्याच्या तारखेपेक्षा तिच्यात बदल झाल्याची तारीख पुढची असेल, तर वापरणाऱ्याने ती स्वतः बदलली आहे असे तो समजतो आणि तिला धक्का लावत नाही. तुमच्या हाताने केलेले बदल अपग्रेडमध्ये पुसले जाऊ नयेत, हा त्यामागचा चांगला हेतू. आता असे समजा की मागच्या वर्षी सपोर्टचा माणूस आला होता, त्याने एका सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता नोटपॅडने बदलला आणि फाइल सेव्ह केली. त्या क्षणापासून ती फाइल इन्स्टॉलरच्या दृष्टीने तुमची खाजगी मालमत्ता झाली. पुढच्या कोणत्याही नेहमीच्या अपग्रेडमध्ये ती बदलणार नाही. नव्या आवृत्तीला त्या फाइलमध्ये दोन नव्या ओळी हव्या असतील तर त्या कधीच येणार नाहीत, आणि शंभर मशीनपैकी फक्त त्या एका मशीनवर प्रोग्रॅम रुसून बसेल. एकाच मशीनवर अपग्रेड अडते आणि बाकी सगळीकडे सुरळीत होते, तेव्हा मी सर्वांत आधी अशा हाताने बदललेल्या फाइलचा संशय घेईन.

आकड्यांचा आणखी एक सापळा आहे. संपूर्ण प्रॉडक्टचाही एक आवृत्ती-आकडा असतो आणि विंडोज इन्स्टॉलर त्याचे पहिले तीनच भाग तुलनेत धरतो. चौथा भाग तो पाहतही नाही. म्हणजे ९.४.२.१ वरून ९.४.२.७ हे तुमच्या-माझ्या दृष्टीने अपग्रेड असले तरी त्याच्या दृष्टीने दोन्ही ९.४.२ आहेत. अशा वेळी कधी १६३८ क्रमांकाची चूक येते, म्हणजे या प्रॉडक्टची दुसरी आवृत्ती आधीच बसवलेली आहे. कधी ती चूकही येत नाही आणि कंट्रोल पॅनेलच्या यादीत एकच प्रोग्रॅम दोनदा दिसू लागतो. यादीत अशी जुळी नोंद दिसली तर जुने काढलेच गेले नाही, हे नक्की समजावे.

या सगळ्यांत सर्वांत विलक्षण प्रकार म्हणजे अपग्रेडनंतर जुनीही नाही आणि नवीही नाही, फाइलच गायब. हे कसे होते ते क्रमाने पाहिले तर पटते. मोठ्या अपग्रेडमध्ये इन्स्टॉलर आधी हिशेब करतो की कोणत्या फाइली टाकायच्या. मग जुने प्रॉडक्ट काढून टाकतो. मग हिशेबाप्रमाणे नव्या फाइली टाकतो. समजा जुन्या प्रॉडक्टमध्ये बाहेरच्या कुणाची तरी ५.०.८ आवृत्तीची डीएलएल होती. तिच्यात त्रास निघाला म्हणून नव्या पॅकेजमध्ये बनवणाऱ्यांनी मुद्दाम ५.०.६ ही आधीची प्रत घातली. हिशेबाच्या वेळी डिस्कवर ५.०.८ दिसते, ती वरची, म्हणून ५.०.६ टाकायची नाही असे ठरते. लॉगमध्ये तशी नोंदही येते की वरच्या आवृत्तीची फाइल असल्यामुळे या भागाला परवानगी नाही. पुढच्या पायरीवर जुने प्रॉडक्ट काढताना ५.०.८ जाते. टाकण्याच्या पायरीवर यादीत ती फाइलच नसते. प्रोग्रॅम उघडला की डीएलएल सापडत नाही असा निरोप. वापरणाऱ्याने कंट्रोल पॅनेलमधून ‘रिपेअर’ केले की या वेळी हिशेब स्वच्छ असतो, फाइल येते आणि सगळे सुरळीत होते. ‘आधी इन्स्टॉल करा, मग रिपेअर करा’ असा मंत्र काही सॉफ्टवेअरच्या बाबतीत तोंडोतोंडी चालतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते. मंत्र सांगणाऱ्यांनी तो बनवणाऱ्यांपर्यंत पोचवला तर पुढच्या पॅकेजमध्ये चूक दुरुस्त होऊ शकते.

आता जबरदस्तीच्या उपायाबद्दल. विंडोज इन्स्टॉलरला ‘रीइन्स्टॉलमोड’ नावाचे एक सेटिंग देता येते. त्याची नेहमीची किंमत ‘ओएमयूएस’ ही चार अक्षरे. यातला ‘ओ’ म्हणजे फाइल नसेल किंवा जुनी असेल तरच टाका. त्याऐवजी ‘ए’ घातला की सगळ्या फाइली आकडे न पाहता चढवल्या जातात. इंटरनेटवर हा उपाय सर्रास सांगितला जातो आणि तो चालतोही. मला तो पसंत नाही. याने सामाईक फाइलींच्या नव्या प्रतींवर जुन्या बसू शकतात, सपोर्टच्या माणसाने बदललेला सर्व्हरचा पत्ताही पुसला जातो, आणि ज्या दुखण्यातून सुटका व्हावी म्हणून हे नियम केले तेच दुखणे परत ओढवून घेतले जाते. अडचण फक्त सारख्या आकड्याची असेल तर ‘ई’ हे अक्षर पुरते. सारख्या किंवा जुन्या आवृत्तीची फाइल बदला, पण वरच्या आवृत्तीला हात लावू नका, असा त्याचा अर्थ. जिथे ‘ई’ने काम होते तिथे ‘ए’ वापरू नये.

सगळेच सेटअप एमएसआयचे नसतात. इनो सेटअप आणि एनएसआयएस ही दोन मोफत साधने छोट्या-मध्यम सॉफ्टवेअरसाठी फार वापरली जातात. इनो सेटअपही आवृत्तीचे आकडे पाहतो आणि सारख्या आकड्याची फाइल सोडून देतो, बनवणाऱ्याने ‘इग्नोरव्हर्जन’सारखी खूण केली असेल तरच नियम बाजूला ठेवतो. एनएसआयएसचा स्वभाव उलटा. वेगळे काही सांगितले नसेल तर तो सरळ फाइलवर फाइल चढवतो. पण ती फाइल दुसऱ्या कुणाच्या वापरात असेल तर त्याला लिहिता येत नाही आणि तो एक खिडकी उघडतो: ‘एरर ओपनिंग फाइल फॉर रायटिंग’. खाली तीन बटणे, ‘अबॉर्ट’, ‘रिट्राय’, ‘इग्नोर’. घाईतला माणूस ‘इग्नोर’ दाबतो, कारण तेवढ्याने सेटअप पुढे सरकतो. उरलेल्या फाइली नव्या बसतात, ही एक जुनी राहते, आणि शेवटी ‘कम्प्लीटेड’ हा शब्द येतोच. नंतर प्रोग्रॅम उघडताना ‘प्रोसीजर एन्ट्री पॉइंट’ सापडला नाही असा निरोप आला, तर नव्या फाइलने जुन्या फाइलकडे असे काहीतरी मागितले जे तिच्यात नव्हतेच, असा त्याचा अर्थ. त्या खिडकीत फाइलचे नाव आणि पत्ता लिहिलेला असतो. मोबाइलवर तिचा फोटो काढावा, ती फाइल वापरणारा प्रोग्रॅम बंद करावा आणि मग ‘रिट्राय’ दाबावे.

फाइल कुणी धरून ठेवली आहे हे शोधायला दोन चांगल्या वाटा आहेत. कमांड प्रॉम्प्टवर ‘टास्कलिस्ट’ या आज्ञेला एम हा पर्याय आणि डीएलएलचे नाव दिले की ती डीएलएल वापरणाऱ्या सगळ्या प्रोसेसची यादी येते. किंवा मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातले प्रोसेस एक्सप्लोरर हे साधन घ्यावे आणि त्याच्या शोधात फाइलचे नाव टाकावे. धरणारा बहुधा अनपेक्षित निघतो. पाठीमागे चालणारी एखादी सर्व्हिस, घड्याळाशेजारी बसलेले छोटे चिन्ह, अँटिव्हायरस, किंवा खुद्द विंडोज एक्सप्लोरर, कारण राइट-क्लिकच्या मेनूत स्वतःची ओळ घालणाऱ्या प्रोग्रॅमची डीएलएल एक्सप्लोररच्या पोटात शिरलेली असते.

इथून दुसरी शक्यता सुरू होते: बदल ठरला आहे, पण झालेला नाही. चालू असलेली फाइल विंडोजमध्ये जागच्या जागी बदलता येत नाही, म्हणून समजूतदार इन्स्टॉलर नवी प्रत तात्पुरत्या नावाने शेजारी ठेवतो आणि रजिस्ट्रीत ‘पेंडिंगफाइलरिनेमऑपरेशन्स’ या नावाखाली नोंद करतो की पुढच्या वेळी मशीन सुरू होताना ही फाइल तिच्या जागी न्या. विंडोज सुरू होताना अगदी आरंभी, कोणताही प्रोग्रॅम जागा होण्याआधी, ही यादी उरकली जाते. एमएसआय अशा वेळी ३०१० हा क्रमांक परत देतो. ही चूक नव्हे. काम झाले, पण रीस्टार्ट हवा, एवढाच त्याचा अर्थ. ऑफिसातल्या शे-दोनशे मशीनवर एकदम अपग्रेड ढकलणारी स्क्रिप्ट लिहिणारे पुष्कळजण ३०१० ला यश मानून पुढे जातात आणि रीस्टार्टचा भाग गाळतात.

याला जोडून एक गोष्ट प्रत्येक ऑफिसात माहीत हवी. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्णपणे मिटत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. त्यामुळे रोज संध्याकाळी इमानदारीने मशीन बंद करणाऱ्या माणसाच्या मशीनवरही ही रांगेतली कामे पडून राहू शकतात. ‘रीस्टार्ट’ने मात्र पूर्ण नव्याने सुरुवात होते. सपोर्टवाल्याने ‘रीस्टार्ट केले का?’ विचारले आणि समोरून ‘रोज बंद करतो की’ असे उत्तर आले, तर दोघेही खरे बोलत असतात.

या रांगेत एक धोकाही आहे. नोंदीत फाइलचा फक्त पत्ता असतो, आत काय आहे ते नसते. जुना प्रोग्रॅम काढताना एखादी फाइल वापरात होती म्हणून ‘रीस्टार्टनंतर पुसा’ अशी नोंद झाली, आणि रीस्टार्ट न करता लगेच त्याच फोल्डरात नवी आवृत्ती टाकली, तर रीस्टार्टच्या वेळी त्या पत्त्यावरची नवी फाइल पुसली जाऊ शकते. काढणे आणि टाकणे यांच्यामध्ये एक रीस्टार्ट करावा हा जुन्या तंत्रज्ञांचा सल्ला म्हणूनच पाळण्यासारखा आहे.

लिनक्सवर चित्र निराळे. तिथे वापरात असलेल्या फाइलच्या जागी नवी फाइल विनातक्रार बसते. पण आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम आपल्या हातातली जुनी प्रतच वापरत राहतो. डिस्कवर ती दिसत नाही, स्मृतीत मात्र जिवंत असते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला, तेव्हा हे फार गंभीर ठरले. दुरुस्त लायब्ररी बसवूनही वेब सर्व्हर नव्याने सुरू केला नसेल तर तो जुन्या, सच्छिद्र प्रतीवरच चालत राही. डेबियन आणि उबुंटूवर ‘नीडरीस्टार्ट’ नावाचे साधन आहे, ते कोणत्या सर्व्हिस अजून जुन्या लायब्ररीवर अडकून आहेत हे सांगते. सेटिंगच्या फाइलींबाबत मात्र लिनक्सची रीत विंडोज इन्स्टॉलरपेक्षा उघड आहे. तुम्ही फाइल बदलली असेल तर डेबियनचे डीपीकेजी तुम्हालाच विचारते की जुनी ठेवू की नवी घेऊ, आणि हवे तर दोन्हींतला फरकही दाखवते. फेडोरा-रेडहॅटच्या आरपीएममध्ये अशी फाइल जपायची खूण केलेली असेल तर नवी प्रत शेजारी ‘आरपीएमन्यू’ या शेपटाने ठेवली जाते. गुपचूप नकार देण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी सरस वाटते.

तिसरी शक्यता, म्हणजे फाइल बदलली पण वाचली जाते दुसरीच, ही शोधायला सर्वांत चिवट. विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायची मुभा नाही. जुन्या घडणीचे ३२-बिट प्रोग्रॅम तिथे लिहू पाहतात तेव्हा ते मोडू नयेत म्हणून विंडोज ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरात वळवते. पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम ती फाइल मागतो तेव्हा त्याला ही खाजगी प्रत मिळते. इन्स्टॉलरने ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधली फाइल कितीही नवी केली तरी या वापरकर्त्याला जुनीच दिसत राहते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले की सगळे ठीक, स्वतःच्या नावाने चालवले की जुने, असे लक्षण दिसले तर ‘अ‍ॅपडेटा’तल्या ‘लोकल’मध्ये जाऊन ‘व्हर्च्युअलस्टोअर’ उघडावे. तिथे त्या प्रोग्रॅमच्या नावाचा फोल्डर सापडला तर त्याची प्रत बाजूला काढून ठेवावी, मग मूळ हलवावा.

एकाच नावाचा प्रोग्रॅम दोन ठिकाणी असणे हाही नेहमीचाच प्रकार. कमांडने चालणाऱ्या साधनांसाठी मशीन ‘पाथ’मधले फोल्डर क्रमाने पाहते आणि जिथे पहिल्यांदा नाव सापडेल तिथेच थांबते. विंडोजवर ‘व्हेअर’ आणि लिनक्स-मॅकवर ‘व्हिच’ला ए हा पर्याय देऊन विचारले की सगळ्या प्रती क्रमाने दिसतात. जावाच्या प्रोग्रॅममध्ये लायब्ररीच्या नावातच आवृत्ती लिहायची प्रथा आहे. त्यामुळे झिप उलगडून जुन्या फोल्डरावर टाकली की नवी फाइल जुनीवर बसतच नाही, शेजारी बसते, आणि दोन्ही लोड होण्याच्या रांगेत उभ्या राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतला अतिगंभीर दोष उघड झाला, तेव्हा अनेकांना कळले की आपल्या सर्व्हरवर या लायब्ररीच्या किती जुन्या प्रती कुठे कुठे पडून आहेत. २००४ साली विंडोजच्या जेपीईजी चित्रे उघडणाऱ्या जीडीआय-प्लस या भागातही अशीच अडचण झाली होती. सिस्टममधली प्रत दुरुस्त झाली तरी अनेक प्रोग्रॅमांनी आपापल्या फोल्डरात स्वतःची प्रत ठेवलेली होती आणि ती शोधून काढायला वेगळे साधन द्यावे लागले. जुनी फाइल मागे राहणे म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, तर बंद केले असे वाटणारे दार उघडे राहणे आहे.

त्याची किंमत किती असू शकते हे अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी पाहिले. न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या नव्या योजनेसाठी कंपनीने आपले ऑर्डर पाठवणारे सॉफ्टवेअर बदलले. सर्व्हर आठ होते. तंत्रज्ञाने नवा कोड सात सर्व्हरवर टाकला आणि आठव्यावर टाकायचा राहिला. त्या आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड तसाच होता, आणि नव्या कोडने जी खूण वापरली होती ती नेमकी त्या जुन्या कोडला जागे करणारी खूण होती. बाजार उघडल्यावर आठवा सर्व्हर ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. गोंधळात कंपनीने उरलेल्या सात सर्व्हरवरून नवाच कोड काढला, आणि मग त्या सातांवरचाही जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढच्या वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात एक साधी गोष्ट नोंदवली आहे: कोड टाकल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने ते काम तपासून पाहिले नव्हते, आणि तसे तपासावे अशी लेखी पद्धतही कंपनीत नव्हती. आठ मशीनवरच्या फाइलींचे ठसे ताडून पाहायला काही मिनिटे लागली असती.

एक सूचना आवर्जून. डिस्कवर जागा मोकळी करण्यासाठी विंडोजच्या फोल्डरातला ‘इन्स्टॉलर’ हा लपवलेला फोल्डर पुसून टाकण्याचा सल्ला बरेचजण देतात. तो ऐकू नका. प्रत्येक एमएसआय प्रॉडक्ट काढायला आणि दुरुस्त करायला लागणारी पॅकेजची प्रत तिथे असते. ती गेली की पुढच्या अपग्रेडला जुने प्रॉडक्ट काढताच येत नाही आणि मूळ सेटअप सापडत नाही अशी १६१२ क्रमांकाची चूक येते. मग त्याच जुन्या आवृत्तीचा मूळ सेटअप शोधत फिरावे लागते.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की प्रत्येक बिल्डला फाइल व्हर्जन वाढवा आणि हे काम माणसाच्या आठवणीवर न सोडता बिल्डच्या स्क्रिप्टवर सोपवा. कोऱ्या मशीनवर इन्स्टॉल करून पाहणे पुरेसे नाही. ग्राहकाकडे प्रत्यक्ष आहे त्या जुन्या आवृत्तीवर अपग्रेड करून पाहा. आणि वापरणाऱ्यांनो, ‘अपग्रेड झाले पण फरक पडला नाही’ अशी तक्रार करताना ‘डिटेल्स’ टॅबवरचा आकडा, त्या फाइलचा पूर्ण पत्ता आणि इन्स्टॉलचा लॉग सोबत पाठवा. तोवर आधीचे इन्स्टॉलेशन काढून टाकू नका. ते काढले की नकाराचा पुरावाही जातो.